पिळणाऱ्याने बघायचं नाही

सोमवारी सकाळी मी मोजलं, तेव्हा मामाच्या कारखान्यात नऊ जोडलेली खोकी होती, न जोडलेल्या तीन खोक्यांच्या बारा फळ्या, पाच लांब क्लॅम्प, तीन टेपा, काटकोन तपासायचे दोन गुण्ये, एक लाकडी हातोडा, पांढऱ्या गोंदाचा अर्धा डबा आणि माणसं तीन. मामा, त्याची मुलगी म्हणजे माझी ताई, आणि मी.

कारखाना हे नाव मोठं आहे. घराच्या मागची ही एक लांबट खोली. सात मीटर वीस लांब, चार मीटर दहा रुंद. मधोमध टेबल, आणि टेबलाच्या एका अंगाला खिडकी. टेबल आणि खिडकी यांच्यामध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा. बाकी सगळीकडे लाकूड, भुसा आणि मामाची बडबड.

"आली आमची मिलिमीटर," मला बघून मामा म्हणाला. "आता लाकूडसुद्धा घाबरून सरळ होणार."

मी हसले. ताई हसली नाही.

खोकी एका प्रयोगशाळेची होती. काचेच्या पट्ट्या ठेवायला त्यांना बारा हवी होती, बाहेरून सहाशे मिलिमीटर बाय साडेचारशे, आत एकावर एक तीन ट्रे. मामाने आधी नऊ पाठवली आणि नऊच्या नऊ परत आली. ट्रे आत उतरत नव्हते. एक कोपरा बसवला की समोरचा वर राहायचा. प्रयोगशाळेने सोबत चिठ्ठी पाठवली होती, "खोकी काटकोनात नाहीत". खाली सही, शिक्का काही नाही. मामाने ती खिळ्याला अडकवून ठेवली होती, आणि तिच्याकडे पाठ करून तो काम करत होता.

चारही फळ्या अगदी बरोबर कापलेल्या असल्या तरी खोकं एका अंगाला कलू शकतं, जसं काडेपेटीचं रिकामं कवच बोटाने ढकललं की कलतं. ते ओळखायचं तर दोन कर्ण मोजायचे. सारखे आले तर खोकं काटकोनात आहे. नाही आले, तर जो कर्ण लांब आहे त्याच्यावर तिरपा क्लॅम्प लावायचा आणि पिळत जायचं. तो कर्ण आखडतो, दुसरा लांबतो. गोंद ओला असेपर्यंतच हे जमतं. एकदा तो धरला की खोकं जसं आहे तसं कायमचं राहतं.

मामाच्या प्रत्येक खोक्यावर एका कोपऱ्याला पेन्सिलीची फुली असते. क्लॅम्प तिथून लावायला सुरुवात करायची, ही त्या घरची पद्धत. मी फुलीच्या कोपऱ्याला अ म्हटलं आणि पुढे ओळीने ब, क, ड. मग नऊही खोकी प्रत्येकी तीनदा मोजली. सहाशे आणि साडेचारशे बाजू असल्या, तर कर्ण बरोबर साडेसातशे यायला हवा. अ-क साडेसातशेच्या दीड मिलिमीटर अलीकडे येत होता, ब-ड दीड पलीकडे. नऊपैकी सात खोक्यांत फरक बरोबर तीन. एकात अडीच, एकात साडेतीन. प्रत्येक वेळी अ-क आखूड.

"बघितलंस?" ताई म्हणाली. आम्ही स्वयंपाकघरात आलो होतो, मामा बाहेर फळ्या घासत होता. "हात गेला त्यांचा."

"हात गेला असता तर आकडे विखुरले असते," मी म्हटलं. "कधी पाच इकडे, कधी दोन तिकडे. थरथरणारा हात इतका नेमका चुकत नाही, ताई. हे कोणीतरी मोजून केल्यासारखं आहे."

"कोणी म्हणजे? तिथे बाबांशिवाय कोण आहे?"

ताईने दार ओढून घेतलं.

"तुला सांगते, पण आईला तुझ्या बोलू नकोस. मी फोन करते ना, तेव्हा ते मध्येच दुसऱ्याच कोणाशी बोलतात. 'हो हो, पिळतोय' म्हणतात. 'अजून?' म्हणतात. मी विचारलं, कोण आलंय बाबा? तर म्हणाले, कोणी नाही, काम चाललंय. हातात करवत, पटाशी, घरात एकटा माणूस, आणि हे असं. मी गुरुवारी सकाळी निघणार आहे. त्यांना घेऊनच जाणार होते. कुलूप लावायचं या खोलीला."

"मामा कबूल झाला?"

"भांडले. मग म्हणाले, अजून तीन खोकी आहेत, ती बघ. मी म्हटलं ठीक आहे. तीनपैकी एक जरी काटकोनात आलं, तर मी एकटी जाते आणि परत विषय काढत नाही. नाही आलं तर बाबा माझ्याबरोबर. मोजायचं तू. तू त्यांच्या बाजूने खोटं बोलणार नाहीस."

"तुझ्या बाजूनेही नाही."

"म्हणून तर तुला बोलावलं. मला फक्त आकडा सांग. बाकीचं पुराण नको."

तेव्हा कामाचे तीन दिवस होते आणि तीन खोकी. पांढरा गोंद रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळे दिवसाला एकच.

पहिलं खोकं सोमवारी दुपारी जोडलं. मामा काम करताना बघण्यासारखा असतो. चार कोपऱ्यांच्या दातांना ब्रशने गोंद लावला, फळ्या एकमेकींत बसवल्या, हातोड्याने हलके ठोके दिले, चार क्लॅम्प आवळले. साडेसहा मिनिटं. थरथर कुठेच नाही. मग मी टेप लावली आणि म्हटलं, "अ-क सातशे बावन्न, ब-ड सातशे..."

"आकडे नको सांगूस," मामा पटकन म्हणाला.

"का?"

"पिळणाऱ्याने आकडा ऐकायचा नाही. टेपही बघायची नाही. बघायला लागला की त्याला वाटतं झालं, आणि मनगट आधीच ढिलं पडतं. पिळणाऱ्याने पिळायचं, मोजणाऱ्याने बास म्हणायचं. दादाचा नियम."

दादा म्हणजे मामाचा थोरला भाऊ, माझे थोरले मामा. एकतीस वर्षं दोघं या टेबलाच्या दोन अंगांना उभे होते. थोरले मोजायचे, मामा पिळायचा. थोरले फार बोलत नसत, लहानपणी आम्हाला त्यांची भीतीच वाटायची. दोन वर्षांपूर्वी ते गेले.

"मग आता बास कोण म्हणतं?" मी सहज विचारलं.

"तू नुसती मोज गं, बोलू नकोस," मामा म्हणाला.

त्याने पाचवा क्लॅम्प तिरपा लावला, अ पासून क पर्यंत, आणि तोंड फिरवलं. खरोखर फिरवलं, टेबलाकडे पाठ होईल इतकं. एक हात मागे स्क्रूच्या दांडीवर. मान डावीकडे थोडी मागे कललेली, खिडकीच्या बाजूला, समोरचा हळू बोलत असला की आपण कलवतो तशी. तो पिळू लागला. पाव फेरा. पाव फेरा. मी टेप धरून बघत होते. दोन्ही कर्ण सारखे झाले. माझ्या तोंडात शब्द आला होता, पण मला काही बोलायचं नाही असं ठरलं होतं. मामा पिळतच राहिला. आणखी पाव फेरा. आणखी एक. मग आणखी थोडं, नखाएवढं. मग हात थांबला, एकदम, दोरी तुटावी तसा.

"कळलं," मामा हळूच म्हणाला. माझ्याशी नाही.

अ-क सातशे साडेअठ्ठेचाळीस. ब-ड सातशे साडेएकावन्न. तीन.

मंगळवारी सकाळी क्लॅम्प काढले, तरी तीन. मी ताईला सांगितलं. तिने मान हलवली आणि मामाचे कपडे इस्त्रीला काढले.

मंगळवारी सकाळभर मी दुसऱ्या खोक्याच्या फळ्या गोंदाशिवाय जुळवून घेतल्या. कोरडं खोकं हवं तितक्या वेळा वाकडं करता येतं, सरळ करता येतं. मामाला हा खेळ आवडला. "चालू दे तुझी प्रयोगशाळा," म्हणाला. मी वीस वेळा त्याच्याकडून पिळून घेतलं आणि वहीत लिहिलं. पाच वेळा नेहमीसारखं. तीन, तीन, तीन, साडेतीन, तीन. पाच वेळा त्याच्या कानात कापूस घालून. तीन, अडीच, तीन, तीन, तीन. पाच वेळा खोकं उलट्या दिशेने ठेवून, म्हणजे फुली खिडकीपासून लांब. तीनच. मान मात्र तरीही खिडकीकडेच कललेली.

शेवटच्या पाच वेळा मी जागा बदलली. टेबल आणि खिडकी यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या जागेत जाऊन उभी राहिले. मला तिथे काही जाणवलं नाही, हे लिहायला हवं. गारवा नाही, वास नाही, अंगावर काटा नाही. पायाखाली भुसा होता, खिडकीतून रस्त्यावरची सायकलची घंटा ऐकू येत होती. पण स्क्रूवर मामाचा हात चुकायला लागला. एकदा तो फारच आधी थांबला, एकदा फारच नंतर. एक, उलट्या बाजूला चार, साडेपाच, उलट्या बाजूला दोन, साडेसहा.

"काय झालं मामा?"

"ऐकू येईना," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून ओशाळला. "तू जरा सरकतेस का तिथून? कोणी उभं असलं की..."

मी सरकले. मला सरकताना भिंतीला चिकटून जावंसं वाटलं. तशी मी गेले, आणि मग स्वतःचाच राग आला.

दुपारी दुसरं खोकं. या वेळी ताईही आली. तिला सकाळचे आकडे सांगितले होते आणि ती म्हणाली, "यात प्रयोग कसला? तू मोठ्याने सांग ना त्यांना, बास. इतकं सोपं आहे." ऐकायला सोपं होतं. गोंद लावला, क्लॅम्प आवळले, आणि मी त्या चिंचोळ्या जागेत उभी राहून टेप धरली, कारण मोजणाऱ्याची जागा तीच, दुसरीकडून टेप नीट दिसत नाही.

"अजून," मी म्हटलं. "अजून. अजून. बास!"

मामा थांबला नाही. कर्ण पुढे निघून गेला.

"बास म्हटलं ना, मामा!"

"म्हणालीस? अगं, तुझं बास... मला वाटलं..." त्याने उलट पिळलं. ते जास्त झालं. पुन्हा पिळलं. कपाळावर घाम. "जरा थांब, जरा थांब." पुढे, मागे, पुढे. अकराव्या मिनिटाला कोपऱ्यातला गोंद घट्ट व्हायला लागला, आणि चौदाव्याला खोकं हलेनासं झालं. अ-क सातशे साडेबावन्न, ब-ड सातशे साडेसत्तेचाळीस. पाच, उलट्या बाजूला.

मामा हातोडा खाली ठेवून अंगणात गेला. ताई त्याच्या मागे गेली नाही. तिने टेबलावरचा गोंदाचा थेंब बोटाने पुसला आणि म्हणाली, "मला यात आनंद होत नाही, लक्षात ठेव."

"माहीत आहे."

"रात्री जेवायला काय करू त्यांना? परवापासून सगळं बदलणार. आवडीचं काहीतरी."

बुधवारी सकाळी एकच खोकं उरलं होतं, म्हणजे चार फळ्या. मी त्या हातात घेऊन बसले होते. मामा हत्यारं पुसून त्याच्या मोठ्या पेटीत ठेवत होता, न्यायची ती आणि ठेवायची ती अशी वेगळी वेगळी. ही पेटी त्या दोघांनी मिळून केली होती, वीसेक वर्षांपूर्वी. मी सवयीनेच टेप लावली. कर्ण सारखे. अर्धा मिलिमीटरसुद्धा इकडेतिकडे नाही.

मग मी घरभर फिरले. धान्याची पेटी, गाद्यांची पेटी, मामीची जुनी खणांची पेटी. सगळ्या त्या दोघांच्या हातच्या. सगळ्या काटकोनात.

"मामा, ही करताना पिळणारा तू आणि मोजणारे थोरले मामाच ना?"

"मग दुसरं कोण?"

"आणि बास तेव्हाही तसंच म्हणायचे? आत्ता म्हणतात तसंच?"

हा प्रश्न मी इतका सरळ विचारला, की मामाने तितकंच सरळ उत्तर दिलं. "अगदी तसंच."

"मग या सरळ कशा आल्या?"

"तेव्हा जनावरांच्या हाडांचा सरस होता ना," मामा पटाशीला तेल लावत म्हणाला. "कढवायचा, गरम गरम लावायचा. आणि क्लॅम्प दोनच लांब. तासाभरात काढून दुसऱ्या खोक्याला लावायचे. सरस तोवर पुरता धरलेला नसायचा, मग खोकं जरा अंग ढिलं सोडायचं. मागे यायचं."

"किती मागे यायचं?"

"ते दादालाच ठाऊक. तो ते धरूनच बास म्हणायचा. म्हणजे खोकं पलीकडे गेलं की मग बास. रात्रीतून ते मागे येऊन बरोबर उभं राहायचं."

मी फळ्या खाली ठेवल्या. "आणि हा पांढरा गोंद कधी आणलास?"

मामाची पटाशी थांबली. "तो गेल्यावर. एकटा माणूस सरसाचं भांडं कुठे सांभाळणार? एकीकडे आच, एकीकडे लाकूड. हा डबा उघडला की झालं. रात्रभर क्लॅम्प ठेवला की सकाळी दगडासारखं. मागे येत नाही, पुढे जात नाही."

"मामा, तीन मिलिमीटर मागे यायचं ते. तेवढेच तुझे तीन. तू फक्त थोडा आधी थांबलास तरी..."

"ते मला कळत नाही असं वाटतं तुला?" तो म्हणाला, रागाने नाही. "सहाव्या खोक्याला कळलं मला. पण तो अजून म्हणतोय तर मी थांबू कसा? हात पिळतो, कान थांबवतो. एकतीस वर्षं हातासाठी मी डोकं वापरलंच नाही. आता मध्येच कुठून आणू?"

"मग त्यांना सांग. गोंद बदललाय म्हणून."

मामाने खिडकीच्या बाजूला एकदा बघितलं आणि आवाज इतका खाली आणला, की मला पुढे झुकावं लागलं.

"मी नाही सांगू शकत. त्याला न विचारता या खोलीतला एक खिळासुद्धा मी कधी बदलला नाही. सरस त्याचा होता, भांडं त्याने आणलेलं. तो गेल्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी ते भंगारात दिलं. काय सांगू त्याला? कुठल्या तोंडाने?" पटाशी त्याने पेटीत ठेवली, नेणार त्या बाजूला. "जाऊ दे. ताई म्हणते ते बरोबर असेल."

तो हातपाय धुवायला मागच्या नळावर गेला. नळ अंगणाच्या पलीकडच्या टोकाला आहे, कारखान्यातलं बोलणं तिथे जात नाही. मी आदल्या दिवशीच एकदा तपासलं होतं, कापसाच्या चाचण्यांच्या वेळी.

माझ्यापुढे दोन शक्यता होत्या. एक, हे मामाच्याच हाताचं जुनं वळण आहे, एकतीस वर्षांत बसलेलं. तसं असेल तर रिकाम्या खोलीत काही बोलून उपयोग नव्हता, कारण मामा ते ऐकणार नव्हता. दुसरी शक्यता मी वहीत लिहिली नाही.

मी दाराकडे बघितलं. ताई दारात उभी होती, हातात मामाचे घडी घातलेले शर्ट. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी तिला जायची खूण केली, पण ती आत आली नाही आणि गेलीही नाही.

मग मी टेबलाच्या अलीकडे, मामाच्या जागी उभी राहिले आणि खिडकीच्या बाजूला तोंड केलं. ऊन आत येत होतं, त्यात भुसा तरंगत होता. सकाळचे पावणेअकरा. इतका मूर्खपणा मी शाळेतही कधी केला नव्हता.

"थोरले मामा," मी म्हटलं. माझा आवाज मला परका वाटला. "तुमची भाची बोलतेय, धाकटी. तुम्हाला एक सांगायचं होतं. तुम्ही गेल्यावर सरस बंद झाला. मामाला एकट्याला ते भांडं झेपेना. रागावू नका त्याच्यावर. आता डब्यातला पांढरा गोंद असतो, आणि क्लॅम्प रात्रभर ठेवतात. खोकं मागे येत नाही. जिथे थांबवाल तिथेच राहतं. म्हणजे कर्ण सारखे झाले की लगेच बास म्हणायचं. जास्तीचे तीन धरायचे नाहीत." मी थांबले. आणखी काही सांगायचं राहिलं का ते आठवलं. "आजचं खोकं शेवटचं आहे. ते वाकडं आलं तर उद्या मामाला इथून नेणार आहेत."

काही झालं नाही. बाहेर कोणीतरी बादली आपटली. मी वळले तेव्हा ताईच्या हातातला वरचा शर्ट खाली पडला होता आणि तो उचलायचं तिला सुचत नव्हतं.

"त्याला सांगू नकोस," मी हळूच म्हटलं. "मामाला. काहीच."

ती म्हणाली, "मला काय वेड लागलंय?" पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं.

मामा हात पुसत आला. "काय कुजबुज चाललीय? चला, उरकून टाकू. मग पेटी बांधायला मोकळे." त्याने गोंद ढवळला, चार कोपरे लावले, फळ्या बसवल्या. हातोड्याचे ठोके. चार क्लॅम्प. सात मिनिटं, नेहमीपेक्षा थोडी जास्त. मी टेप लावली, मामाच्या बाजूने, जरा वाकून. चिंचोळी जागा मोकळी सोडली. अ-क सातशे बावन्न, ब-ड सातशे अठ्ठेचाळीस. मी आकडे मनातच ठेवले.

मामाने तिरपा क्लॅम्प लावला आणि पाठ केली. मान डावीकडे गेली.

पाव फेरा. अ-क सातशे साडेएकावन्न. पाव फेरा. सातशे एकावन्न. ताई भिंतीला टेकून उभी होती, तिच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता. पाव फेरा. सातशे साडेपन्नास. मामाने आणखी पिळलं, नेहमीसारखं, सवयीच्या वेगाने, आणि हात थांबला.

तो तसाच उभा राहिला. बोटं दांडीवर होती, पण पिळत नव्हती. मान आणखी कलली. त्याने एकदा दांडी पुन्हा पकडली, पुढे न्यायचा प्रयत्न केला असावा, आणि सोडून दिली.

"इतक्यात?" तो खिडकीच्या बाजूला बघून म्हणाला.

ताई भिंतीपासून एक पाऊल पुढे आली.

"नाही, तू म्हणतोस तर..." मामा म्हणाला. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. बराच वेळ ऐकत राहिला, मान डोलावत, दोनदा काही बोलायला तोंड उघडून मिटलं. शेवटी पंजाच्या मागच्या बाजूने त्याने नाक पुसलं.

"तुला कोणी सांगितलं?" त्याने विचारलं.

उत्तर काय आलं, ते मला माहीत नाही. त्याने आमच्याकडे वळून बघितलं, आधी ताईकडे, मग माझ्याकडे, आणि काही न विचारता ओल्या फडक्याने बाहेर आलेला गोंद पुसायला घेतला.

रात्रभर त्या खोलीत कोणी गेलं नाही. किल्ली ताईने उशीखाली ठेवली होती.

गुरुवारी सकाळी सात वाजता तिने कुलूप काढलं. तिची बॅग दाराशी होती, मामाची पेटी तिच्या शेजारी, दोरीने बांधलेली. मामा आत आला नाही. उंबऱ्याबाहेर, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मी पाचही क्लॅम्प एकेक करून ढिले केले, खोकं सपाट टेबलावर ठेवलं आणि दहा मिनिटं थांबले. टेप तीनदा लावली, दोन्ही बाजूंनी.

"आकडा," ताई म्हणाली.

"अ-क सातशे पन्नास. ब-ड सातशे पन्नास."